थरार सुटत नाही तेव्हा : जोखमीच्या नादातून बाहेर कसं पडायचं

सोलापूरच्या आसपास डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत, समुद्राचं तर नावच नको. अंगात खुमखुमी असलेल्या पोराला इथे मिळतो तो सरळसोट रस्ता. होटगी रोड, विजापूर रोड, नाहीतर पुण्याकडे आणि हैदराबादकडे जाणारा हायवे. उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढे गेला की दिवसभर घरात कोंडलेली पोरं रात्री दहानंतर बाहेर पडतात, चहाच्या गाड्यावर जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "बघू की बे, टॉपला किती जाते." पावसाळ्यात हिप्परग्याच्या तलावात उड्या. बाराही महिने हातात मोबाइल, म्हणजे शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचा (भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचा) डाव, क्रिकेटचा सट्टा, नाहीतर जुनापुराणा मटका. वरवर या गोष्टींचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. मुळाशी मात्र बरंचसं सारखं असतं.

आपला नाद आता आपल्या हातात राहिलेला नाही असं ज्याला वाटू लागलंय त्याच्यासाठी हा लेख आहे, आणि असा माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. घाबरवून हे सुटत नाही. अपघाताचे व्हिडिओ दाखवा, "मरशील एक दिवस" म्हणा, शपथा घाला, फरक पडत नाही. बाकीच्यांना भीती मागे खेचते, याला तीच हवी असते. तुम्ही भीतीचं जेवढं वर्णन कराल तेवढी त्या गोष्टीची किंमत त्याच्या लेखी वाढते. म्हणून भीतीचा मुद्दा बाजूला ठेवायचा आणि दोन गोष्टी धरायच्या : रिकामेपणा, आणि नाद अंगात येण्याआधीचा तासभर.

धाडस आणि व्यसन

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले आणि 1942 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. जिवावर उदार होणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. पण तो धोका त्यांच्या कामासोबत आला होता. काम धोक्याविना झालं असतं तर त्यांनी तसंच केलं असतं. व्यसनात हे उलटं होतं. काम, पैसा, मित्र, सगळी निमित्तं असतात आणि हवा असतो तो धोकाच. अग्निशमन दलातला जवान, विहिरीत उतरणारा कामगार, आखाड्यातला पैलवान यांना म्हणूनच हे लेबल लावू नका.

कागदोपत्री 'थराराचं व्यसन' नावाचा आजार नाही. मनोविकारतज्ज्ञ ज्या दोन याद्या वापरतात (अमेरिकेची डीएसएम-5 आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11) त्यांत जुगाराचा विकार आहे, आयसीडीमध्ये गेमिंगचाही आहे, पण बेफाम गाडी चालवण्याचा किंवा स्टंटचा नाही. म्हणून डॉक्टर बाकीच्या व्यसनांचेच निकष इथे लावून बघतात. घरीही ते बघता येतात.

मात्रा वाढत जाते. सोलापुरी तिखटाची सवय झालेल्या जिभेला साधी आमटी पाणचट लागते, तसं पूर्वी ऐंशीच्या स्पीडला जे वाटायचं त्यासाठी आता एकशेवीस लागतात, आणि पाचशेच्या जागी पाच हजार. थांबलं की चिडचिड होते, झोप उडते. खोटं बोलणं सुरू होतं, तेही क्षुल्लक गोष्टींत. हात मोडला, लायसन्स गेलं, नोकरीवर वॉर्निंग मिळाली, तरी गोष्ट चालूच राहते. आणि घरच्यांच्या सहसा लक्षात न येणारं लक्षण म्हणजे थरार संपल्यावर उतरणारी मरगळ. दुसऱ्या दिवशी पोरगं दुपारपर्यंत लोळत पडतं, कशातच राम नाही म्हणतं. घरच्यांना तो आळस वाटतो.

शंका असेल तर एक साधी चाचणी करा. दोन आठवडे ती गोष्ट पूर्ण बंद, आणि तारीख आधी एकाला सांगून ठेवायची. ज्याला नुसती हौस आहे त्याला हे दिवस थोडे कंटाळवाणे जातील, इतकंच. व्यसन असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत कारणं सुचू लागतात, घरात भांडणं उकरून काढली जातात, किंवा गाडी थांबते आणि मोबाइलवर ट्रेडिंग सुरू होतं. नादाने नुसती जागा बदलली, तर चाचणीत नापास.

आत काय चालतं

धोका समोर आला की मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, डोक्यातले बाकीचे विचार गप्प होतात. हे शेवटचं महत्त्वाचं. ज्याच्या डोक्यात सतत कालवाकालव चालू असते त्याला ही शांतता औषधासारखी वाटते. बरेच जण विचारलं तर "मजा येते" म्हणत नाहीत, "तेवढा वेळ डोकं बंद होतं" असं म्हणतात.

दुसरा खेळ डोपामिनचा, म्हणजे मेंदूत ओढ निर्माण करणाऱ्या रसायनाचा. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की बक्षीस मिळण्याची सवय झाल्यावर मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी बक्षिसाला प्रतिसाद देईनाशा होतात. त्या उसळतात बक्षिसाची खूण दिसल्यावर. म्हणजे गाडीची किल्ली हातात घेताना, अॅप उघडताना, ग्रुपवर "येतो का बे?" असा मेसेज पडताच अर्धं काम झालेलं असतं. उपचारात आधीच्या तासाला एवढं महत्त्व का, ते इथे कळतं. हायवेवर पोचलेल्या पोराला अडवण्यात अर्थ नसतो. अडवायचं ते चपला घालण्याआधी.

तिसरी गोष्ट 'थोडक्यात वाचलो' ही. ट्रकला घासून निघालो, आकडा एकाने हुकला, ऑप्शन्समध्ये हव्या त्या आकड्याच्या जवळ येऊन भाव फिरला. खरं तर तो इशारा असतो, पण मेंदू तो जवळपास जिंकल्यासारखा जमा करतो आणि पुन्हा खेळायला लावतो. मटक्याचा धंदा मुंबईत 1960 च्या दशकापासून आजवर टिकला त्यात या हुकण्याचा वाटा मोठा आहे.

वयाचंही बघा. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाडी चालवायचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला होता. किशोरवयीन मुलांनी मित्र शेजारी असताना एकट्यापेक्षा बरीच जास्त जोखीम घेतली, मोठ्यांवर मित्रांचा फारसा परिणाम झाला नाही. आता तर शेजारच्या मित्रांत रीलवरचे हजार जण मिळवा.

पायरी पहिली : आधी डॉक्टर

लोक इथे शेवटी पोचतात. यायचं असतं सुरुवातीला, कारण थराराच्या मागे दुसराच आजार लपलेला असू शकतो आणि तो तसाच ठेवून पुढच्या पायऱ्या चढण्यात काही अर्थ नाही.

लहानपणापासून एका जागी न बसणारा, विसराळू, रांगेत उभं राहिलं की जीव जाणारा माणूस असेल तर एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) तपासून घ्या. मोठ्यांतही तो असतो, आणि त्याच्या औषधाने बेदरकारपणा बराच कमी होऊ शकतो. मधूनच आठवडाभर तीन-चार तास झोपून ताजातवाना, खर्च बेसुमार, बोलणं थांबत नाही आणि नंतर एकदम कोसळतो, असं चक्र असेल तर बायपोलर विकाराची शक्यता असते. अशा माणसाला मेडिकलमधून परस्पर डिप्रेशनच्या गोळ्या आणून देऊ नका, त्यांनी तेजीचा झटका उलट भडकू शकतो. घरातल्या वयस्कर माणसाला कंपवातासाठी प्रामिपेक्सोलसारखी औषधं सुरू झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा जुगाराची ओढ लागली असेल, तर तो औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे. गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. अशा आजोबांना घरचे "म्हातारचळ लागला" म्हणून मोकळे होतात तेव्हा फार वाईट वाटतं.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचाराच : "कधी कधी मेलो तरी बरं, असं वाटतं का?" वेगाच्या नादाआड मरायची इच्छा दडलेली असू शकते. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या थांबवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सोलापुरात शासकीय उपचारांसाठी सिव्हिल आहे, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय. केसपेपर काढून मनोविकार विभागाच्या ओपीडीत जायचं. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बरेच जण बिचकतात. त्यांनी आधी टेलि-मानसला 14416 वर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फोन मोफत, दिवसरात्र, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पायरी दुसरी : वही

शंभर पानी वही पुरे, अॅप नको. मोबाइल उघडला की तिथेच घसरण असते. दर वेळी ओढ वाटली की चार गोष्टी लिहायच्या : किती वाजले, कुठे होतो, आधी काय घडलं, ओढ दहापैकी किती. गोष्ट केली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी कसं वाटलं तेही.

एका यंत्रमाग कामगाराच्या वहीतलं पान असं होतं : "रात्री 8.10. पाळी सुटली. कान बधीर. घरी गेलो तर बायको हप्त्याचं विचारणार. ओढ 8. अक्कलकोट नाक्यावर थांबलो." त्याने स्वतःला कायम 'रिस्क घेणारा माणूस' समजलं होतं. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसलं की ओढ जवळजवळ दर वेळी पाळी सुटणं आणि घरचं दार या अर्ध्या तासात उठते. रविवारी नाही, सकाळी नाही. बारा तास एकाच ठेक्यातला खडखडाट ऐकलेल्या डोक्याला काहीतरी हवं असायचं, आणि हप्त्याचा प्रश्न टाळायचाही असायचा. एवढं कळल्यावर इलाज फार अवघड राहिला नाही. बायकोने हप्त्याचं बोलणं रविवार सकाळवर नेलं, आणि तो रस्ता बदलून भावासोबत घरी येऊ लागला.

मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकापासून या स्वभावाचा अभ्यास केला आणि त्याचे चार प्रवाह सांगितले : शरीराला थरार देणाऱ्या गोष्टींची आवड, नवनव्या अनुभवांची भूक, बंधनं झुगारण्याची (दारू, पार्टी, सट्टा) ओढ, आणि कंटाळा सहन न होणं. वहीतून आपला जोर कशावर आहे ते कळतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे चौथा प्रवाह सगळ्यात दुर्लक्षित आहे. पोरगं धाडसी आहे म्हणून कौतुक होतं किंवा वाया गेलं म्हणून शिव्या बसतात, पण ते कंटाळलेलं आहे हे कुणी बघत नाही.

पायरी तिसरी : आधीचा तास अवघड करा

निश्चयावर विसंबू नका. निश्चय सकाळी भक्कम असतो आणि रात्री साडेदहाला विरघळतो. म्हणून सकाळीच बंदोबस्त करायचा. गाडीत पेट्रोल रोजच्या जाण्यायेण्यापुरतंच. रात्री नऊनंतर किल्ली घरातल्या ठरलेल्या माणसाकडे, आणि ती मागायची तर कारण तोंडाने सांगायचं. नाइट राइडच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं. म्यूट केलेला ग्रुप माणूस दिवसातून दहादा उघडून बघतो. स्टंटचे व्हिडिओ दाखवणारी अकाउंट अनफॉलो करायची.

पैशाच्या जोखमीत आणखी कडक व्हावं लागतं. पगाराचं खातं आणि यूपीआयचं खातं वेगळं ठेवा, यूपीआयच्या खात्यात आठवड्याचा खर्चच असू द्या. ब्रोकरच्या अॅपमधून फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग बंद करून घ्या. जो म्हणतो "मी अभ्यास करून खेळतो" त्याला सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) सप्टेंबर 2024 चा अहवाल दाखवा : 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांचं नुकसान झालं, आणि सगळ्यांचं मिळून 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, तरी चोरवाटा असतातच, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

एवढं करूनही ओढ येणारच. ती कायम चढत जाईल असं त्या क्षणी वाटतं, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत टोक गाठून ती ओसरते, जर आपण तिला खतपाणी घातलं नाही तर. घड्याळात तीस मिनिटं लावा. तोंडावर गार पाणी मारा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्या, असं दहा-बारा वेळा. गच्चीवर चकरा मारा. आणि आधी ठरवलेल्या एकाच माणसाला फोन करा. त्याने उपदेश करायचा नाही, नुसतं बोलत राहायचं, मॅच काय झाली ते विचारलं तरी चालेल. "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं वाक्य आधी लिहून ठेवल्याचा फायदा होतो : "पक्याने हाक मारली तर मी म्हणीन, सकाळी ड्यूटी आहे, आणि गॅलरीतून आत जाईन." ऐनवेळी डोकं चालत नाही, पाठ केलेलं वाक्य चालतं.

पायरी चौथी : रिकाम्या जागी काय ठेवायचं

इथे थराराचे दोन गट करा. जुगार, सट्टा, ऑप्शन्स पूर्ण बंद. 'थोडंसं' नाही, 'डेमो अकाउंट' नाही, मित्राला टिप्स देणंही नाही. शरीराच्या थराराला मात्र जागा देता येते, आणि द्यावी. तो स्वभाव मेंदूत आहे, मारून टाकता येत नाही.

पर्याय निवडताना बघायचं असं : शिकवणारा कुणी आहे का, नियम आहेत का, आणि हळूहळू अवघड होत जातं का. तालमीतली कुस्ती, कबड्डी, खो-खो या तिन्ही कसोट्यांना उतरतात, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. उंचावरून पाण्यात सूर मारायची हौस असेल तर जलतरण तलावावर प्रशिक्षकाकडे शिकावी. हिप्परग्याला तळ दिसत नाही आणि उडी मारणाऱ्याला खाली दगड आहे की गाळ हे कळत नाही. पावसाळ्यात एखाद्या अनुभवी संस्थेबरोबर सह्याद्रीत ट्रेक करा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. पंचेचाळीसेक किलोमीटर रात्रभर चालणं, पायाला फोड, सोबत हजारो लोक. शरीर निथळून निघणं म्हणजे काय हे ज्याला वेगातूनच माहीत होतं, त्याने एकदा जावं. देवावर विश्वास असलाच पाहिजे असं नाही.

सुरुवातीला हे सगळं फिकं लागतं. मोठ्या मात्रेला सरावलेल्या मेंदूला साध्या गोष्टीतली गोडी परत यायला काही आठवडे जातात. "यात किक नाही" म्हणून पहिल्या आठवड्यात सोडणारे बरेच असतात, तेव्हा महिनाभराची फी आधीच भरून टाका.

घरच्यांनी कसं बोलायचं

"काल रात्री किती वाजता आलास?" या प्रश्नावर खोटंच उत्तर येतं. त्याऐवजी एखाद्या निवांत वेळी, जेवण झाल्यावर, असं :

"हे सोडावंसं वाटतं का रे? दहापैकी किती?"
"काय माहीत. चार."
"चार? मग दोन का नाही म्हणालास?"
"…आईला बीपी झालंय ना. आणि परवा तो ट्रक."

इथे थांबा. दोन का नाही, या प्रश्नाला उत्तर देताना माणूस सोडायची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगतो. "दहा का नाही?" विचारलंत तर तो न सोडण्याची कारणं मोजेल. समुपदेशक हे तंत्र मुद्दाम वापरतात, आणि आईवडिलांनाही ते जमतं, फक्त उत्तरानंतर "बघ, मी म्हणत होते ना" हे गिळावं लागतं.

कर्ज परस्पर फेडू नका. पुढच्या डावाची सोय तुम्हीच केल्यासारखं होतं. किती देणं आहे त्याची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या आणि हप्ते त्याच्याच पगारातून ठरवा. बेकायदा सावकार दारात येत असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, धमक्या असतील तर पोलिसांत. मुलगा अठराच्या आतला असेल आणि गाडी चालवताना गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199 अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. "आमचा बाब्या नववीत असून बुलेट काय मस्त चालवतो" असं पाहुण्यांत सांगणाऱ्या बापांनी हे दोनदा वाचावं.

उपचार म्हणजे नेमकं काय

मुख्य उपचार बोलण्याचा आहे. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) या पद्धतीत, वर सांगितलेली वही घेऊनच, समुपदेशक तुमच्या विचारांतली खोट शोधायला लावतो : "मला काही होत नाही", "आज नशीब जोरात आहे", "गेलेले काढले की बंद". साधारण दोन-तीन महिने, आठवड्याला एक बैठक धरून चाला. थराराची म्हणून वेगळी गोळी नाही. जुगाराच्या ओढीसाठी काही डॉक्टर नाल्ट्रेक्सोन देतात, बाकी औषध मागचा आजार असेल त्याचं. पहिल्या भेटीला वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि घरातलं एक माणूस सोबत न्या.

मधे पाय घसरेल. घसरला की त्याच रात्री वहीत चार ओळी लिहायच्या आणि पुढची ठरलेली बैठक चुकवायची नाही. बरेच जण लाजेने नेमकी तीच चुकवतात आणि एका रात्रीचं महिन्यावर नेतात.

घरचे हमखास विचारतात : गाडी विकून टाकू का? चोरून विकली तर तो मित्राची घेईल, आणि ती त्याच्या हातची नसल्याने धोका वाढेल. त्याच्याशी बोलून, त्याच्या सहीने, मोठ्या सीसीची देऊन शंभर-एकशेदहाची घ्यायला हरकत नाही. फरकाचे पैसे कर्जाच्या यादीतल्या पहिल्या नावाला द्या.